इंटरफेरॉन : पेशींची दवंडी

मी पदवीच्या वर्गांना मराठी साहित्य शिकवते. विज्ञानाचा अभ्यास इंटरमीजिएटनंतर सुटला तो सुटलाच. तरीही यंदाच्या वार्षिकांकासाठी लेख मागितला गेला तेव्हा मी ‘इंटरफेरॉन’ हा विषय कळवला. त्याचे कारण अगदी घरगुती आहे. २००४ साली चोवीस आठवडे हा शब्द आमच्या घरात दूध, भाजी, वर्तमानपत्र यांच्या बरोबरीने उच्चारला जात होता. आज सुई आहे ना, इंटरफेरॉन आणले का, बर्फ शिल्लक आहे का, अशी रोजची बोलणी असत. शब्द सगळ्यांच्या तोंडी होता, अर्थ मात्र कोणालाच ठाऊक नव्हता. तो ठाऊक नसल्यामुळे माझ्या तोंडून एक वाक्य निघून गेले. त्याची रुखरुख अजून आहे.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, नांदेडला दिलेली. १९८५ साली दुसऱ्या बाळंतपणात तिला फार रक्तस्राव झाला आणि रक्ताच्या दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. जीव वाचला, बाळही सुखरूप राहिले. पुढे अठरा वर्षांनी सततच्या थकव्यासाठी रक्त तपासले तेव्हा यकृताला सूज असल्याचे कळले आणि निदान झाले हिपॅटायटिस सी. डॉक्टरांच्या मते बहुधा त्याच बाटल्यांतून हा विषाणू आला असावा. दोष कोणाला देणार? हा विषाणू ओळखला गेला १९८९ मध्ये. १९८५ साली त्याला नाव नव्हते आणि त्याची तपासणीही नव्हती.

उपचारासाठी अक्का हैदराबादला आमच्याकडे येऊन राहिली. तिच्या विषाणूचा प्रकार तिसरा होता, म्हणून उपचार चोवीस आठवड्यांचा ठरला. रोज रिबाव्हिरिनच्या गोळ्या आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी आठवड्यातून तीनदा कातडीखाली इंटरफेरॉनची सुई. औषधाच्या दुकानातून थर्मासमध्ये बर्फ घालून मी ती छोटी कुपी आणत असे. संध्याकाळी गल्लीतल्या दवाखान्यातल्या सिस्टर सुई देत. तीन-चार तासांनी अक्काला हुडहुडी भरे, दोन पांघरुणे घातली तरी दात वाजत, मग ताप चढे. पुढे ताप कमी होत गेला, पण केस गळू लागले, जेवणावरची वासना उडाली. तिसऱ्या महिन्यात एक वेगळीच गोष्ट घडली. माझ्या मुलीला रोज रात्री गोष्ट सांगणारी अक्का गप्प झाली. भिंतीकडे तोंड करून पडून राही. विचारले तर डोळे भरून येत आणि कारण सांगता येत नसे. एका संध्याकाळी मी वैतागून म्हणाले, “अक्का, तू इतकी कच्ची कधीपासून झालीस? मन घट्ट कर जरा.” ती काहीच बोलली नाही.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी तिला विचारले, “नींद कैसी है? बिना वजह रोना आता है?” अक्काने मान हलवली. ते माझ्याकडे वळून म्हणाले, “ये दवा का असर है, इनका क़ुसूर नहीं.” त्यांनी आणखी एक गोळी लिहून दिली. यकृतासाठी घेतलेल्या सुईने माणसाला रडू का यावे, हे मला त्या दिवशी कळले नाही. त्याच खोलीत बिदरकडचे एक वयस्कर गृहस्थ बसत. त्यांना मूत्रपिंडाचा कर्करोग होता आणि त्यांच्या हातातही इंटरफेरॉनचीच कुपी असे. विषाणूवरचे औषध कर्करोगावर कसे चालते, हा दुसरा प्रश्न. पुढे बरीच वर्षे सवडीने वाचत गेले. जाणकारांना विचारत गेले. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी निघते, असे ध्यानात आले. ते साध्या मराठीत सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

नावाची गोष्ट

भाषेच्या अभ्यासकाने नावापासून सुरुवात करावी हे ओघानेच आले. एका विषाणूची लागण झालेल्या पेशींना लगेच दुसऱ्या विषाणूची लागण होत नाही, हे शास्त्रज्ञांना १९३० च्या दशकापासून माहीत होते. पहिला विषाणू दुसऱ्याला आडकाठी करतो. इंग्रजीत या आडकाठीला ‘इंटरफिअरन्स’ म्हणत. पण ही आडकाठी नेमकी कोण करते, हे कोडे होते.

१९५६-५७ मध्ये लंडनच्या मिल हिल भागातील राष्ट्रीय वैद्यक संशोधन संस्थेत अ‍ॅलिक आयझॅक्स आणि स्वित्झर्लंडहून आलेला तरुण संशोधक ज्याँ लिंडेनमान यांनी ते कोडे सोडवायला घेतले. त्यांचा प्रयोग समजायला सोपा आहे. कोंबडीच्या उबवत्या अंड्यातील पातळ पडद्याचे तुकडे त्यांनी नळीतील द्रवात ठेवले आणि त्यात उष्णता देऊन निष्प्रभ केलेला इन्फ्लुएन्झाचा विषाणू घातला. काही तासांनी ते तुकडे काढून टाकले. उरलेल्या द्रवात पडद्याचे नवे, कोरे तुकडे घातले आणि मग त्यांना जिवंत विषाणूची लागण करून पाहिली. विषाणू वाढेना. नव्या तुकड्यांचा जुन्या तुकड्यांशी थेट संबंध आला नव्हता. आला होता तो फक्त द्रवाशी. म्हणजे पहिल्या पेशींनी त्या द्रवात काहीतरी सोडले होते आणि त्या ‘काहीतरी’मुळे दुसऱ्या पेशी सुरक्षित झाल्या होत्या. आडकाठी करणारा तो पदार्थ म्हणून त्याचे नाव ठेवले इंटरफेरॉन. त्याच सुमारास, खरे तर थोडे आधी, १९५४ मध्ये जपानमध्ये नागानो आणि कोजिमा यांनी सशाच्या ऊतींवर काम करताना विषाणूला रोखणाऱ्या अशाच एका घटकाची नोंद केली होती. त्यांचे लेखन फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाले आणि बराच काळ दुर्लक्षित राहिले. कोणत्या भाषेत लिहिले यावर शोधाचे नशीब कसे ठरते, याचे हे एक उदाहरण.

हा पदार्थ इतका अल्प मिळे की कित्येकांचा त्यावर विश्वासच बसला नाही. काही टीकाकारांनी ‘चुकीचा अर्थ लावणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाला तीच शेपटी जोडून त्याला चेष्टेने ‘मिसइंटरप्रेटॉन’ म्हटले. आयझॅक्स १९६७ साली, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी वारले. ज्या पदार्थाचे नाव त्यांनी ठेवले, तो शुद्ध स्वरूपात त्यांना कधी पाहायला मिळाला नाही.

दवंडी पिटल्यावर काय होते?

आता मुख्य मुद्दा. वर्तमानपत्रांत ‘विषाणूंशी लढणारे इंटरफेरॉन’ असे छापून येते. हा शब्दप्रयोग सोयीचा आहे, पण त्यातून उभे राहणारे चित्र दिशाभूल करणारे आहे. इंटरफेरॉन विषाणूला स्पर्शही करत नाही. परीक्षानळीत नुसता विषाणू आणि नुसते इंटरफेरॉन एकत्र ठेवले तर विषाणूचे काहीही बिघडत नाही. इंटरफेरॉन सैनिक नव्हे, ते दवंडी आहे. गावाच्या एका टोकाला दरोडेखोर शिरले तर तिथला माणूस स्वतःचे घर वाचवू शकेलच असे नाही, पण त्याने हाकाटी केली तर बाकीचे गाव सावध होते. पेशी नेमके हेच करतात.

विषाणूला स्वतःची वाढ स्वतः करता येत नाही. तो पेशीत शिरतो आणि तिचीच यंत्रसामग्री वापरून स्वतःच्या प्रती काढतो. पेशीत काही पहारेकरी प्रथिने असतात. त्यांना आपले आणि परके यांतला फरक कळतो. अनेक विषाणूंचा आराखडा आरएनए या रेणूत असतो आणि त्याच्या प्रती काढताना दोन धाग्यांचा लांब आरएनए तयार होतो. आपल्या पेशीत एरवी असा रेणू आढळत नाही. तो दिसताच पहारेकरी पेशीच्या केंद्रकाकडे निरोप धाडतात, तिथे इंटरफेरॉनचे जनुक जागे होते, इंटरफेरॉन तयार होऊन पेशीबाहेर पडते आणि आसपास पसरते.

शेजारच्या पेशीच्या पृष्ठभागावर हा निरोप घेणारे रेणू असतात. त्यांना ‘ग्राही’ म्हणतात. इंटरफेरॉन ग्राहीला जोडले गेले की आतल्या बाजूला जॅक नावाची प्रथिने सक्रिय होतात, ती स्टॅट नावाच्या प्रथिनांना सक्रिय करतात आणि स्टॅट थेट केंद्रकात जाऊन जनुके चालू करतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स डार्नेल, जॉर्ज स्टार्क आणि इयन कर यांच्या गटांनी ही निरोपाची वाट उलगडली. पुढे असे दिसून आले की शरीरातले इतर अनेक निरोपही याच प्रकारच्या वाटेने जातात. इंटरफेरॉनच्या एका दवंडीने पेशीतली काही शे जनुके जागी होतात. त्यांतील तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले प्रथिन पीकेआर. ते पेशीतील प्रथिने बनवण्याचे कामच थांबवते. विषाणूला आपली प्रथिने पेशीकडूनच बनवून घ्यायची असतात. कारखानाच बंद पडला तर त्याचे काम अडते. दुसऱ्या व्यवस्थेत एक प्रथिन छोटे संकेतरेणू तयार करते आणि त्या संकेताने जागे होणारी कात्री पेशीतल्या आरएनएचे तुकडे करते. विषाणूचा आराखडा त्यात फाटतो, पण पेशीचे स्वतःचे कागदही फाटतात. तिसरे एमएक्स प्रथिन. ते विषाणूच्या वाढीत प्रत्यक्ष अडथळा आणते. याची सुरुवात पुन्हा लिंडेनमान यांच्याकडेच जाते. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांना उंदरांचा एक असा वाण आढळला की ज्याला इन्फ्लुएन्झा मारू शकत नव्हता. त्यामागचे जनुक इंटरफेरॉनमुळेच चालू होते, हे नंतर सिद्ध झाले.

यात एक बारकावा मोलाचा आहे. पहिल्या दोन व्यवस्था दवंडी ऐकताच कामाला लागत नाहीत. त्यांची प्रथिने मोठ्या प्रमाणात तयार होतात, पण निष्क्रिय राहतात. विषाणू खरोखर आत आला आणि तो दुहेरी आरएनए दिसला की मगच ती चालू होतात. म्हणजे कुलूप हाताशी आणून ठेवलेले असते, लावलेले नसते. दाराशी पाऊल वाजले की लावायचे. सगळ्याच पेशींनी नुसत्या हाकाटीवर कारखाने बंद केले असते तर रोगाआधी उपायानेच माणूस गेला असता.

मग अक्काच्या यकृतातल्या पेशींनी अठरा वर्षांत दवंडी का पिटली नाही? हिपॅटायटिस सी हा विषाणू मोठा धूर्त आहे. त्याच्याजवळ एक कापणारे प्रथिन असते. पहारेकऱ्याचा निरोप केंद्रकाकडे ज्या दुव्यावरून जातो, तो दुवाच हे प्रथिन कापून टाकते. चोराने आधी दवंडीवाल्याचे तोंड बांधावे तसे. सुईतून दिलेले इंटरफेरॉन ही बाहेरून आणलेली दवंडी होती. अक्काचे शरीर जे म्हणू शकत नव्हते, ते आम्ही थर्मासमधून आणत होतो.

इंटरफेरॉन एकच नाही, हेही इथे सांगायला हवे. अल्फा आणि बीटा ही पहिल्या प्रकारची भावंडे, विषाणूची खबर देणारी. अक्काला दिले ते अल्फा. दुसऱ्या प्रकारचे गॅमा मुख्यतः काही पांढऱ्या पेशी सोडतात. क्षयाच्या जंतूशी आपल्या शरीराचा पूर्वी संबंध आला आहे का, हे पाहण्याची एक रक्तचाचणी या गॅमावरच बेतलेली आहे. रक्ताच्या नमुन्यात क्षयजंतूची प्रथिने घालतात आणि ओळख पटून पेशी गॅमा सोडतात का ते मोजतात. तिसऱ्या प्रकारचे लॅम्डा २००३ मध्ये ओळखले गेले. ते श्वासमार्ग आणि आतडी यांच्या अस्तराची राखण करते.

गाठीची वाढ मंदावते ती कशी?

बिदरच्या त्या गृहस्थांच्या कुपीचे कोडे आता सुटते. कर्करोगाची पेशी ही परकी नसते, ती आपलीच असते. तिचे वेगळेपण इतकेच की थांबण्याचा इशारा ती मानत नाही आणि विभाजन करीतच राहते. इंटरफेरॉन पेशींना जे सांगते त्यात ‘सावध राहा’ याबरोबर ‘वाढ आवरा’ हाही निरोप असतो. विषाणूच्या दृष्टीने विचार केला तर याचे कारण कळते. विभाजन करणारी पेशी म्हणजे जोरात चालणारा कारखाना, आणि विषाणूला तोच हवा असतो.

गाठीवर इंटरफेरॉनचा परिणाम तीन वाटांनी होतो. एक, ते पेशीच्या विभाजनाच्या चक्राला लगाम घालणारी प्रथिने वाढवते, त्यामुळे पेशी पुढच्या टप्प्यात जाण्याआधी अडखळते. काही पेशी तर स्वतःला संपवण्याच्या मार्गाला लागतात. दोन, प्रत्येक पेशी आपल्या आत काय चालले आहे त्याचे नमुने पृष्ठभागावरच्या काही रेणूंवर मांडत असते. कर्करोगाच्या पेशी हे नमुने लपवू पाहतात. इंटरफेरॉन ते रेणू वाढवते, त्यामुळे रोगप्रतिकारक पेशींना बिघडलेली पेशी ओळखता येते. शिवाय उपजत मारक पेशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही ते चेतवते. तीन, वाढत्या गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या तयार होण्यात ते अडथळा आणते. ‘वाढ मंदावते’ या दोन शब्दांच्या मागे एवढे सगळे आहे.

हे प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत येण्याची कहाणी फिनलंडमधून जाते. हेलसिंकी येथे कारी कांटेल यांनी रक्तदात्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी जमवून त्यांना सेंडाई नावाच्या विषाणूची लागण केली आणि त्यांनी सोडलेले इंटरफेरॉन गोळा केले. १९७० च्या दशकात जगभरच्या रुग्णांवरील प्रयोगांना लागणारे बहुतेक इंटरफेरॉन तिथून येत असे. तरीही त्या औषधात प्रत्यक्ष इंटरफेरॉन एक टक्क्याहूनही कमी असे. बाकी सगळी इतर प्रथिनेच. स्टॉकहोममध्ये हान्स स्ट्रँडर यांनी ते हाडांच्या कर्करोगाच्या रुग्णांना देऊन पाहिले. १९७८ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने प्रयोगांसाठी इंटरफेरॉन विकत घ्यायला वीस लाख डॉलर मंजूर केले. १९८० च्या जानेवारीत झुरिकच्या चार्ल्स वाइसमान यांच्या गटाने जाहीर केले की मानवी इंटरफेरॉनचे जनुक त्यांनी ई. कोलाय या जिवाणूत बसवले आहे आणि तो जिवाणू इंटरफेरॉन तयार करतो आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने इंटरफेरॉनला मुखपृष्ठावर आणले. कर्करोगावर रामबाण सापडला, असेच लोकांना वाटू लागले.

रामबाण तो नव्हता. काही रोगांत मात्र त्याने खरोखर काम केले. १९८६ मध्ये अमेरिकेत त्याला पहिली मान्यता मिळाली ती हेअरी सेल ल्युकेमिया या रक्ताच्या दुर्मीळ कर्करोगासाठी. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या दुसऱ्या कर्करोगात २००१ साली इमॅटिनिब ही गोळी येईपर्यंत इंटरफेरॉन हेच मुख्य औषध होते. मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगात मात्र दहांतल्या एखाद-दुसऱ्या रुग्णाचीच गाठ लहान होई. बिदरचे गृहस्थ त्या एखाद-दुसऱ्यांपैकी होते की नाही, ते मला कळले नाही. आमचा उपचार संपला आणि भेटी थांबल्या.

जिवाणूंकडून बनवून घेण्याच्या त्या युक्तीमुळेच इंटरफेरॉन सामान्य माणसाच्या आवाक्याकडे सरकले. आमच्या हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स या कंपनीनेही या शतकाच्या सुरुवातीला ते तयार केले. पुढे इंटरफेरॉनच्या रेणूला पॉलिएथिलीन ग्लायकॉलची साखळी जोडून ते शरीरात अधिक काळ टिकेल अशी सोय झाली. मग तीन सुयांऐवजी आठवड्याला एक पुरू लागली. ते महाग होते, म्हणून अक्काने तीन सुयाच घेतल्या.

दवंडीची किंमत

आता पहिल्या प्रश्नाकडे वळते. अक्का का रडत होती?

फ्लू झाला की अंग दुखते, थंडी वाजते, ताप येतो, जेवण नको वाटते, कोणाशी बोलू नये असे होते. हे सगळे विषाणू करतो, असा आपला समज असतो. त्यातला मोठा भाग आपल्याच शरीराच्या दवंडीचा असतो. इंटरफेरॉन आणि त्याच्यासारखे इतर संदेशरेणू रक्तातून फिरतात आणि त्यांचा परिणाम मेंदूपर्यंत जातो. त्याचा अर्थ असा : हिंडू नको, खाऊ नको, एका जागी पडून राहा, शक्ती आत वापरायची आहे. चार दिवसांच्या फ्लूमध्ये ही आज्ञा हिताची असते. पण अक्काला फ्लू नव्हताच. तिला नुसती दवंडी दिली जात होती, आठवड्यातून तीनदा, चोवीस आठवडे. ताप, थंडी, गळून जाणे ही दवंडीचीच लक्षणे होती.

मनावरच्या परिणामाचे एक स्पष्टीकरण संशोधक देतात, ते मला फार बोलके वाटते. इंटरफेरॉनमुळे जागे होणाऱ्या प्रथिनांत असे एक प्रथिन आहे की जे ट्रिप्टोफॅन नावाचे अमिनो आम्ल मोडून टाकते. काही रोगजंतूंना वाढण्यासाठी ट्रिप्टोफॅन लागते. ते संपवले की जंतूंची उपासमार होते. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून उभे पीक जाळावे, तसा हा प्रकार. पण आपला मेंदू सेरोटोनिन हे रसायन ट्रिप्टोफॅनपासूनच बनवतो, आणि मन थाऱ्यावर राहण्यात सेरोटोनिनचा मोठा वाटा असतो. हिपॅटायटिससाठी इंटरफेरॉन घेणाऱ्या दर चार-पाच रुग्णांमागे साधारण एकाला नैराश्य येई. त्यांची मने कच्ची होती म्हणून ते येत नव्हते. जी व्यवस्था विषाणूला थांबवत होती, तीच त्यांचे पीक जाळत होती.

दोन प्रश्नांचे एक उत्तर म्हणाले ते हेच. इंटरफेरॉन मारत नाही, ते थांबवते. विषाणूच्या प्रती थांबवते, गाठीचे विभाजन थांबवते आणि त्याच थांबवण्यात भूक, झोप, उमेदही थांबतात. यश आणि त्रास ही एकाच कामाची दोन टोके आहेत.

दवंडी गैरहजर असेल तर काय होते, याचा पुरावा कोविडच्या काळात मिळाला. २०२० मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने प्राणावर बेतलेल्या ९८७ कोविड रुग्णांचे रक्त तपासले. त्यांतील १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे होती. सौम्य लागण झालेल्या किंवा लक्षणेच नसलेल्या ६६३ जणांत ती एकातही नव्हती. म्हणजे अनेकांची दवंडी त्यांच्याच शरीराने गिळून टाकली होती. मग बाहेरून इंटरफेरॉन दिले तर? जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयात दाखल झालेल्यांवर घेतलेल्या मोठ्या चाचणीत त्याचा फारसा उपयोग दिसला नाही. दवंडी पिटायची ती चोर वेशीवर असताना. तो माजघरात पोहोचल्यावर पिटून काय होणार? वेळ चुकली की शहाणपणही वाया जाते.

आज हिपॅटायटिस सीसाठी इंटरफेरॉन लागत नाही. २०१३ नंतर विषाणूच्या यंत्रणेवरच नेम धरणाऱ्या गोळ्या आल्या आणि बहुतेक रुग्ण तीन महिन्यांत, फारसा त्रास न होता बरे होऊ लागले. कर्करोगातही नव्या औषधांनी त्याची जागा बऱ्याच अंशी घेतली. पण त्याने दाखवलेली वाट राहिली. शरीराच्याच रोगप्रतिकारक यंत्रणेला जागे करून कर्करोग आवरता येतो, ही आजची मध्यवर्ती कल्पना रुग्णांवर पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आजमावली गेली त्या औषधांत इंटरफेरॉन होते.

यादी आणि उलगडा

शेवटी थोडे आपल्या क्षेत्राविषयी. औषधाच्या खोक्यात घडी घातलेली इंग्रजी माहितीपत्रिका असे. मला इंग्रजी येते. मी ती एकदा उघडली होती. केस गळणे, तोंड कोरडे पडणे, नैराश्य, सांधेदुखी अशी लांब यादी होती. मी ती वाचली आणि घडी घालून परत ठेवली. म्हणजे मला शब्द माहीत होता, तरी अक्का भिंतीकडे तोंड करून निजली तेव्हा तो शब्द आणि ती बहीण यांचा सांधा माझ्या मनात जुळला नाही. यादी वाचून माहिती मिळते, उलगडा होत नाही. हे का होते, हे कोणी चार वाक्यांत सांगितले असते तर सांधा जुळला असता.

विज्ञान मराठीत आणायचे म्हणजे पारिभाषिक शब्द तयार करायचे, असे आपण वर्षानुवर्षे मानत आलो. ते काम आवश्यक आहेच. पण इंटरफेरॉनला प्रतिशब्द दिला असता तरी अक्काचे काही भले झाले नसते. तिला हवे होते ते कारण, आणि कारण सांगायला आडकाठी, दवंडी, कुलूप, पीक हे तिच्या रोजच्या बोलण्यातले शब्द पुरेसे होते. अलीकडे मी तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक उपक्रम देते. घरातल्या कोणाच्याही औषधाची चिठ्ठी घ्या, डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारून समजून घ्या आणि ते औषध काय करते हे आजीला कळेल अशा दहा ओळींत लिहा. शैलीचे गुण नाहीत, आजीला कळले तर गुण. निबंधापेक्षा हे कठीण जाते, असे मुले सांगतात.

अक्काचा उपचार पूर्ण झाला. सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले, विषाणू आढळला नाही. मन सावरायला त्याहून थोडा अधिक वेळ लागला. आता ती नातवंडांना गोष्टी सांगते. हा लेख लिहून झाल्यावर मी नांदेडला फोन करून तिला वाचून दाखवला. दवंडीच्या भागाला ती मध्येच म्हणाली, “म्हणजे ताप यायचा तो औषध अंगात बोलत होतं म्हणून?” मी म्हणाले, हो, जवळपास तसेच. मग माझ्या त्या वाक्याबद्दल मी तिची क्षमा मागितली. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “रडायची तर मी रडलेच असते गं. पण हे तेव्हा कळलं असतं, तर स्वतःला घाबरले नसते.”